चर्चच्या आवारात भाड्याची घरं: बारामती-इंदापुरात हे गणित जमेल का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत जुन्या मिशन कंपाउंडचं चित्र साधारण सारखंच असतं. मध्ये दगडी किंवा कौलारू चर्च, बाजूला पाळकांचं घर, मागे कधीकाळी शाळा किंवा बोर्डिंग असलेली इमारत आणि उरलेल्या जागेत चिंचेची, कडुलिंबाची झाडं. गाव वाढत वाढत कुंपणाला येऊन टेकलेलं असतं. रविवारच्या उपासनेला मोजकीच मंडळी येते. अर्पणातून वीजबिल आणि पाळकांचं मानधन कसंबसं भागतं. छताची दुरुस्ती निघाली की पंचांच्या बैठकीत जुनाच विषय पुन्हा निघतो: या जागेचं करायचं काय?

या प्रश्नाला सहसा दोनच उत्तरं पुढे येतात. जागा आहे तशी पडू द्यायची, नाहीतर बिल्डरला द्यायची. तिसरंही एक उत्तर आहे. जागा मंडळीच्याच मालकीची ठेवायची आणि तिच्या एका भागावर परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायची. बारामती आणि इंदापूर या दोन गावांपुरतं पाहिलं, तर हा मार्ग शक्य आहे आणि करण्यासारखाही आहे. फक्त त्याची सुरुवात आर्किटेक्टच्या नकाशापासून केली तर तो फसेल. सुरुवात धर्मादाय कार्यालयातल्या उताऱ्यापासून करावी लागेल. ती का, हे समजून घेऊया.

भाड्याचं घर नेमकं कोणाला हवंय?

२०११ च्या जनगणनेत बारामती शहराची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती आणि इंदापूरची सुमारे २५ हजार. त्यानंतर बारामतीची हद्द वाढली, वस्ती वाढली. एमआयडीसीत पियाजिओची वाहनं तयार होतात, फेरेरोची चॉकलेटं बनतात, श्रायबर डायनामिक्सची डेअरी चालते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या संस्थांत आणि शारदानगरच्या संकुलात बाहेरगावची मुलं-मुली शिकतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आल्यापासून परिचारिका, तंत्रज्ञ, निवासी डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांचीही भर पडली.

या सगळ्यांत घर विकत घेणारे थोडे. कंत्राटावर काम करणाऱ्या कामगाराला पुढच्या वर्षी आपण याच कारखान्यात असू की नाही, याचीच खात्री नसते. तो कर्ज काढून फ्लॅट कसा घेणार? त्याला हवी असते एक खोली, स्वतंत्र संडास-बाथरूम, पाण्याची खात्री आणि अवाच्या सवा डिपॉझिट न मागणारा घरमालक. मिळते ती बहुधा कॉट बेसिसवरची जागा. एका खोलीत चौघं, कधी पाच जण.

पूर्वी या भागात उद्योग आला की घरंही यायची. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हे त्याचं ठळक उदाहरण. १९३० च्या दशकात माळरानावर साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्यासोबत कामगारांची अख्खी वसाहत. आज एमआयडीसीत प्लॉट घेणारी कंपनी शेड बांधते, घरं बांधत नाही. कामगाराच्या राहण्याची जबाबदारी गावावर येऊन पडते आणि गावात ती कोणाचीच नसते.

मिशनचा आणि निवाऱ्याचा जुना संबंध

बारामतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राईस्ट’ या मिशनचं काम सुरू झालं. त्या काळात ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमातींच्या कुटुंबांना सक्तीच्या वसाहतींत डांबलं होतं. अशी एक वसाहत बारामतीत होती आणि तिचं व्यवस्थापन या मिशनकडे दिलेलं होतं. अशा वसाहतींत लोकांना राहायला जागा मिळायची, पण रोज हजेरी द्यावी लागायची आणि परवानगीशिवाय बाहेर पडता यायचं नाही. १८७१ चा हा कायदा पुढे सुधारणांसह चालत राहिला आणि अखेर १९५२ मध्ये रद्द झाला.

हा इतिहास आज आठवायचा तो दोन कारणांसाठी. एक म्हणजे, गावाबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसांच्या निवाऱ्याशी इथल्या मिशनचा संबंध शंभरेक वर्षांचा आहे. चर्चने घरांच्या भानगडीत कशाला पडायचं, असं म्हणणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. छप्पर दिलं म्हणून माणसावर हक्क सांगायचा, ही चूक पुन्हा होता कामा नये. भाडेकरूला करार, पावती आणि खासगीपणा मिळायलाच हवा.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात चर्चची मालमत्ता बहुतेक वेळा सार्वजनिक न्यासाच्या नावावर असते आणि तिला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. त्यातलं कलम ३६ हे या सगळ्या चर्चेचं मूळ आहे.

या कलमानुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जमीन अथवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल, तरी मंजुरी हवीच. मंजुरीशिवाय केलेला असा व्यवहार कायद्याने वैध नाही.

आता यातली गंमत पाहा. बिल्डरशी विकसन करार करायचा, किंवा एखाद्या कंपनीला २५-३० वर्षांसाठी जागा द्यायची, तर कलम ३६ चा पूर्ण रस्ता चालावा लागतो. पण न्यासाने स्वतः इमारत बांधली आणि खोल्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिल्या, तर त्या प्रत्येक करारासाठी आयुक्तांकडे जावं लागत नाही. म्हणजे जागा हातात ठेवणारा मार्ग कायद्याच्या दृष्टीनेही तुलनेने सोपा आहे.

एक अडसर मात्र राहतोच. बांधकामासाठी कर्ज काढायचं तर कलम ३६-अ आडवं येतं. विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासासाठी कर्ज काढता येत नाही, मग ते तारण ठेवून असो वा विनातारण. पंचांनी एकमताने ठराव केला, बँक मॅनेजर ओळखीचा आहे, एवढ्याने भागत नाही.

शिवाय भाड्याचे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारक आहे. प्रार्थनास्थळाला मालमत्ता करात मिळणारी सवलत भाड्याच्या इमारतीला आपोआप मिळेल, असंही धरून चालू नये.

पण जागा आहे कोणाची?

इथे बहुतेक योजना अडकतात. मिशनरी परत गेले तेव्हा मालमत्ता कुठे स्थानिक न्यासाकडे गेली, कुठे दूरच्या शहरातल्या ट्रस्ट असोसिएशनकडे. काही ठिकाणी सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर अजून जुन्या मिशनचंच नाव दिसतं. काही जमिनी सरकारने ठरावीक कामासाठी दिलेल्या असतात. तिथे भोगवटादार वर्ग २ ची नोंद असेल, तर वापर बदलण्याआधी महसूल खात्याची परवानगी लागते.

यात गाफील राहिलं की काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या एका निकालात दिसतं. १९७० मध्ये सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात सामील होण्याचा ठराव गुजरातमधल्या ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ ब्रदरन’ने केला होता. त्या ठरावाने मालमत्ताही नव्या संस्थेकडे गेली का, हा वाद अनेक वर्षं चालला. न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या ठरावाने मालमत्ता हस्तांतरित होत नाही. न्यास कायद्यातली प्रक्रिया पार पाडावीच लागते. हा कायदा तोच, १९५० चा, कारण मुंबई राज्याच्या विभाजनानंतर तो दोन्ही राज्यांत चालू राहिला.

वादाचं दुसरं कारण विश्वस्तांची यादी. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ज्या मंडळ्यांनी तो दिलेला नाही, तिथे कागदावरचे विश्वस्त वारलेले आणि कारभार पाहणारे कागदावर नाहीत, अशी स्थिती होते. अशा जागेवर दलालांचा डोळा आधी जातो. कोणी तरी जुनं मुखत्यारपत्र घेऊन येतो, कोणी स्वतःच विश्वस्त असल्याचं सांगतो आणि मंडळीला कळेपर्यंत व्यवहार झालेला असतो. त्यामुळे कागद नीट करणं ही भाड्याच्या घरांची तयारी तर आहेच, शिवाय घरं नाही बांधली तरी जागा वाचवण्याचा तोच उपाय आहे.

हिशेब बसतो का?

एक नमुना मांडून पाहू. खालचे बांधकाम खर्चाचे, भाड्याचे आणि व्याजाचे आकडे समजायला सोपं जावं म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते जागेनुसार बदलतील.

समजा, १० गुंठ्यांवर, म्हणजे १०,८९० चौरस फुटांच्या प्लॉटवर, ३०० चौरस फुटांच्या ४० खोल्या बांधायच्या. जिना, व्हरांडा, पाण्याची टाकी धरून बांधकाम साधारण १५,५०० चौरस फूट होईल. चौरस फुटाला १,८०० रुपये धरले, तर खर्च २ कोटी ७९ लाख. जमिनीची किंमत शून्य, कारण ती मंडळीचीच आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. खासगी किंवा सार्वजनिक संस्थेने बांधून चालवायच्या प्रकल्पांना त्यात नव्या, वेगवान बांधकाम तंत्राच्या अटीवर चौरस मीटरला केंद्राचे ३,००० आणि राज्याचे २,००० रुपये मिळू शकतात. न्यासाचा प्रस्ताव मंजूर झाला, तर ४० खोल्यांच्या सुमारे १,११५ चौरस मीटरवर जवळपास ५६ लाख रुपये होतात. उरले सुमारे सव्वादोन कोटी.

आता भाडं. महिना १५,००० रुपये कमावणाऱ्या कुटुंबाचा घरावरचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसावा, असं धरलं तर भाडं होतं ४,५०० रुपये. चाळीस खोल्यांतल्या ९० टक्के भरलेल्या धरल्या आणि देखभाल, कर, दुरुस्ती यांना २५ टक्के काढले, तर हातात राहतात महिना सुमारे १ लाख २१ हजार. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एवढ्या हप्त्यात फिटणारं कर्ज सुमारे १ कोटी ३५ लाखांचं. म्हणजे ९० लाख कमी पडतात.

हेच भाडं ७,५०० केलं, तर हिशेब बरोबर जुळतो. पण मग १५,००० कमावणाऱ्याचा अर्धा पगार भाड्यात जातो आणि खोल्या वेगळ्याच लोकांकडे जातात. या दोन भाड्यांमधला फरक म्हणजे ‘परवडणारं’ या शब्दाची खरी किंमत. ती ९० लाखांची किंमत कोणी तरी मोजली पाहिजे. कंपन्यांचा सीएसआर निधी, शिकून बाहेर पडलेल्या सदस्यांच्या देणग्या, किंवा बांधकामाचे टप्पे. आधी १६ खोल्या, त्यांच्या भाड्यावर पुढच्या १२. ‘जागा फुकट आहे, घरं आपोआप स्वस्त होतील’ असं कोणी सभेत म्हणालं, तर हा हिशेब समोर ठेवावा.

इंदापूरचं गणित वेगळं

बारामतीतला आराखडा उचलून इंदापुरात ठेवता येणार नाही. गाव निम्म्याहून लहान, भाडेकरूंची संख्या कमी. लोणी देवकरची एमआयडीसी शहरापासून दूर, पुणे-सोलापूर महामार्गावर. तिथल्या कामगाराला महामार्गालगतची खोली जास्त सोयीची. शहरात भाड्याचं घर शोधतात ते शिक्षक, तहसील आणि न्यायालयातले कर्मचारी, परिचारिका आणि महाविद्यालयात शिकायला आलेल्या मुली.

इथे ४० खोल्या बांधल्या तर अर्ध्या रिकाम्या राहण्याचा धोका आहे आणि रिकामी खोली कर्ज फेडत नाही. जुन्या बोर्डिंगची दुरुस्ती करून १०-१२ खोल्यांचं महिलांचं वसतिगृह हा इंदापूरसाठी जास्त शहाणा मार्ग. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून चालू आहे आणि आता ती ‘सखी निवास’ नावाने ओळखली जाते. त्या योजनेत भाड्याचा एक चांगला दंडक होता: एकटीच्या खोलीला पगाराच्या १५ टक्के, दोघींच्या खोलीत १० आणि सामायिक दालनात साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त भाडं नको. सरकारी मदत घ्या किंवा न घ्या, हा दंडक उचलण्यासारखा आहे. जीएसटीची काळजीही फारशी नाही. महिना माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या वसतिगृह निवासाला २०२४ पासून सूट आहे.

घर कोणाला द्यायचं आणि भाडं थकलं तर?

मंडळीत खरा वाद यावर होईल. ‘आधी आपली माणसं’ ही भावना स्वाभाविक आहे. कंपाउंडमध्ये वर्षानुवर्षं राहणारी वृद्ध माणसं, निवृत्त पाळकांच्या विधवा यांना हलवायचं असेल, तर त्यांची नवी खोली तयार झाल्याशिवाय जुनी पाडायची नाही, हे ठरावातच लिहायला हवं. त्यापुढच्या खोल्या मात्र धर्म, जात न विचारता दिल्या पाहिजेत. सरकारी अनुदान घेतलं तर हे टाळता येणारच नाही. न घेतलं तरी, गावात आडनाव ऐकून खोली नाकारणारे घरमालक काही कमी नाहीत. निदान चर्चच्या दारात तो अनुभव कोणाला येऊ नये.

भाडं थकण्याचा प्रश्न जास्त अवघड. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येतं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा रिकामी करून घेता येते. कायदा घरमालकाच्या बाजूने आहे. पण कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराला दोन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून बाहेर काढायचं आणि रविवारी गरिबांवर उपदेश करायचा, हे पाळकांना जमणार आहे का? यावर उपाय दोन. भाडेवसुली पाळकांकडे न देता स्वतंत्र समितीकडे द्यावी, तिच्यात मंडळीबाहेरचा एखादा हिशेबतपासनीस असावा. आणि भाड्यातला ठरावीक हिस्सा अडचण निधी म्हणून बाजूला काढावा, म्हणजे सवलत कोणाच्या मर्जीवर न राहता नियमाने मिळेल.

दफनभूमीला हात लावायचा नाही, हे तर पहिल्याच ओळीत लिहावं. त्या एका ओळीने अर्धा विरोध शांत होईल.

बाहेर काय चाललंय?

हा विचार एकट्या बारामतीचा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा करून धार्मिक संस्थांच्या जमिनीवर परवडणारी घरं बांधण्याची परवानगी प्रक्रिया सोपी केली. इंग्लंडमध्ये चर्चच्याच आयोगाने २०२१ च्या अहवालात चर्चच्या जमिनी गृहनिर्माणासाठी वापरण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. त्यात नोकरदार महिला, विद्यार्थी आणि औद्योगिक कामगारांच्या भाड्याच्या घरांचा विचार आहे, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्यही आहे. पण न्यासांच्या पडून असलेल्या जमिनींसाठी सोपी वाट काढल्याशिवाय तालुक्याच्या गावांत हे धोरण पोहोचणार नाही. जो न्यास जमीन विकणार नाही आणि भाडं ठरावीक मर्यादेत ठेवील, त्याच्या कर्जमंजुरीचा अर्ज धर्मादाय कार्यालयाने ठरावीक दिवसांत निकाली काढावा. एवढा एक नियम झाला, तरी पुष्कळ होईल. हा लाभ चर्चबरोबर देवस्थानं आणि इतर न्यासांनाही मिळावा.

सरकार ते करेल तेव्हा करेल. मंडळीला त्यासाठी थांबायची गरज नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत टेबलावर तीन कागद ठेवता येतील: न्यासाच्या नोंदवहीचा ताजा उतारा, जमिनीची मिळकत पत्रिका किंवा सात-बारा आणि आजच्या विश्वस्तांची धर्मादाय कार्यालयाने मान्य केलेली यादी. तिन्हींवरची नावं जुळली, तर आर्किटेक्टला बोलवा. जुळली नाहीत, तर आधी वकील गाठा, कारण तोवर जागा तुमची आहे हे फक्त तुम्हालाच माहीत आहे.